डक्टचा रंग कोण ठरवतो? रेव्हिटमधील फिल्टर आणि त्यांचे शिक्षण

रेव्हिट शिकवणाऱ्या बहुतेक वर्गांत डक्टच्या फिल्टरचा धडा एका तासात उरकला जातो. व्ह्यू उघडा, कीबोर्डवर व्ही आणि जी दाबा, फिल्टरच्या टॅबवर जा, सप्लायला निळा, रिटर्नला गुलाबी, एक्झॉस्टला हिरवा रंग द्या, की काम संपले. प्लॅन देखणा दिसतो आणि सबमिशनला गुणही मिळतात. माझी तक्रार या धड्याबद्दल आहे, आणि थोडी सॉफ्टवेअरबरोबर येणाऱ्या तयार टेम्प्लेटबद्दलही. रंगकामाचा ब्रश म्हणून शिकवले जाणारे हे साधन खरे तर मॉडेलमधल्या माहितीची तपासणी करण्यासाठी फार चांगले आहे. ही बाजू न शिकता विद्यार्थी बेंगळुरूतल्या किंवा पुण्यातल्या एखाद्या एमईपी कार्यालयात रुजू झाला की पहिल्या समन्वय बैठकीतच अडचणीत येतो.

आधी यंत्रणा समजून घेऊ. रेव्हिटमध्ये डक्टला रंग देण्याचे मुख्य मार्ग तीन. पहिला हाताने: डक्ट निवडायचा, उजवे क्लिक करायचे आणि त्या व्ह्यूमध्ये त्या एकाच घटकाचा रंग बदलायचा. दुसरा सिस्टिम टाइपमधून: प्रोजेक्ट ब्राउझरमध्ये डक्ट सिस्टिम्सच्या खाली त्या टाइपचे गुणधर्म उघडून ग्राफिक ओव्हरराइडमध्ये रेषेचा रंग, जाडी आणि प्रकार ठरवायचा; तो त्या प्रोजेक्टच्या सगळ्या व्ह्यूंना लागू होतो. तिसरा फिल्टर. फिल्टरची व्याख्या प्रोजेक्टभर एकच असते, मात्र तो कोणत्या व्ह्यूमध्ये लावायचा आणि तिथे त्याने कोणता रंग द्यायचा हे व्ह्यूगणिक ठरते. म्हणून चांगल्या कार्यालयात फिल्टर सुटे लावत नाहीत, व्ह्यू टेम्प्लेटमध्ये बसवतात.

या तिघांत भांडण झाले तर फिल्टर सिस्टिम टाइपवर मात करतो आणि हाताने दिलेला रंग फिल्टरवर मात करतो. सर्वात आळशी मार्गाला सर्वात जास्त अधिकार आहे, आणि पहिला धोका इथेच आहे. हाताने निळा केलेला डक्ट उद्या एक्झॉस्टच्या जाळ्याला जोडला तरी त्या व्ह्यूमध्ये निळाच राहतो. फिल्टरने निळा झालेला डक्ट मात्र सिस्टिम बदलताच आपोआप रंग बदलतो. सबमिशनच्या आदल्या रात्री काळे राहिलेले दोन-चार एल्बो हाताने रंगवून टाकण्याची सवय अनेक विद्यार्थ्यांना असते. तो एल्बो काळा का राहिला, हा प्रश्न त्या एका क्लिकबरोबर कायमचा पुसला जातो.

आता टेम्प्लेटकडे वळू. रेव्हिटच्या मेकॅनिकल टेम्प्लेटमध्ये सप्लाय, रिटर्न आणि एक्झॉस्ट असे तीन फिल्टर तयार मिळतात आणि ते सिस्टिम क्लासिफिकेशन या गुणधर्मावर चालतात. हवेच्या डक्टसाठी रेव्हिटमध्ये हे तीनच वर्ग आहेत, चौथा आपल्याला घालता येत नाही. सिस्टिम टाइप मात्र हवे तितके बनवता येतात: तयार टाइपची प्रत काढायची आणि नाव बदलायचे. वर्गात हा फरक क्वचितच सांगितला जातो, आणि बहुतेक घोटाळ्यांचे मूळ त्यातच असते.

बेंगळुरूतली एखादी उंच कार्यालयीन इमारत घ्या. तिच्यात कार्यालयांना थंड हवा देणारे डक्ट आहेत, बाहेरची ताजी हवा एएचयूपर्यंत आणणारे आहेत आणि आगीच्या वेळी जिन्यात दाब राखणारेही आहेत. हे तिन्ही बहुतेक मॉडेलमध्ये सप्लाय एअर या वर्गात टाकलेले असतात. दुसऱ्या बाजूला टॉयलेटचा एक्झॉस्ट, कॅफेटेरियाच्या स्वयंपाकघराचा तेलकट एक्झॉस्ट आणि तळघरातील वाहनतळाचा धूर काढणारा डक्ट एक्झॉस्ट एअरमध्ये. तयार फिल्टर लावले की पहिले तीन एकाच निळ्या रंगात आणि दुसरे तीन एकाच हिरव्यात दिसतात. आता समजा, शाफ्टमध्ये जागा कमी पडते आहे आणि बैठकीत कोणीतरी म्हणते, ‘हा निळा डक्ट जरा लहान करा किंवा पलीकडे घ्या.’ तो नेहमीच्या एसीचा आहे की जिन्याच्या प्रेशरायझेशनचा, हे पडद्यावर कळायला मार्ग नाही. स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट टॉयलेटच्या एक्झॉस्टमध्ये मिसळायचा नसतो हे प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते. पण दोन्ही हिरवे दिसत असतील तर शाफ्टमध्ये टाकलेला एक चुकीचा जोड नजरेत भरत नाही.

ताज्या हवेचा मुद्दा या शहरात विशेष महत्त्वाचा आहे. राष्ट्रीय इमारत संहितेच्या हवामान विभागणीत बेंगळुरू समशीतोष्ण विभागात येते. वर्षातला बराच काळ सकाळी आणि रात्री बाहेरची हवा खोलीतून परत येणाऱ्या हवेपेक्षा थंड असते, तेव्हा बाहेरची हवाच जास्त आत घेऊन चिलरचा भार कमी करता येतो. मुंबईच्या दमट हवेत ही सोय इतकी मिळत नाही. म्हणजे इथल्या एएचयू खोलीत बाहेरच्या हवेचा डक्ट हा एक स्वतंत्र आणि अनेकदा चांगला मोठा डक्ट असतो, आणि ड्रॉइंगमध्ये त्याला स्वतःचा रंगच नसतो.

युरोपात हा प्रश्न मानकाच्या पातळीवर सोडवलेला आहे. ईएन १३७७९ या मानकाच्या २००७ सालच्या आवृत्तीत रंग हवेच्या प्रकारानुसार दिले होते: बाहेरची हवा हिरवी, सप्लाय निळी, खोलीतून काढलेली हवा पिवळी, इमारतीबाहेर सोडलेली तपकिरी, पुन्हा वापरात आणलेली नारिंगी. आज त्याची जागा ईएन १६७९८ च्या तिसऱ्या भागाने घेतली आहे. खोलीतून काढलेली आणि बाहेर सोडलेली हवा असा भेद तिथे केला आहे, हे लक्षात घ्या. रेव्हिटच्या तीन वर्गांत तो मावत नाही. आपल्याकडे विद्यार्थी पुष्कळदा आयएस २३७९ चा आधार देतात. १९९० चे ते मानक पाइपलाइन ओळखण्याच्या रंगांचे आहे, पाण्याला समुद्री हिरवा वगैरे. डक्टच्या ड्रॉइंगसाठी त्याचा दाखला देणे म्हणजे ओढूनताणून संबंध जोडणे. परदेशी प्रकल्पांची मॉडेल बनवणाऱ्या इथल्या कार्यालयांत तर रंगतक्ता ग्राहकाकडूनच येतो, आणि तो दर प्रकल्पाला बदलू शकतो. म्हणून ‘सप्लाय म्हणजे निळा’ हे पाठ करण्यात फारसा अर्थ नाही.

मग फिल्टर कशावर बांधावा? माझ्या मते सिस्टिम टाइपवर, किंवा शिस्त असेल तर सिस्टिम ॲब्रिव्हिएशनवर. सिस्टिम नेमवर शक्यतो नको, कारण ते नाव रेव्हिट स्वतः क्रमांक लावून तयार करते आणि जाळे तुटले की नवा क्रमांक येतो. ॲब्रिव्हिएशन वापरताना ‘कंटेन्स’ ही अट जपून वापरा. साध्या एक्झॉस्टचे संक्षिप्त रूप ईए, टॉयलेटचे टीईए आणि स्वयंपाकघराचे केईए ठेवले, तर ‘ईए असलेले सर्व’ हा नियम तिघांनाही पकडतो. मग निकाल यादीतल्या क्रमावर जातो: वरचा फिल्टर जिंकतो, मात्र वरच्याने जी बाब मोकळी सोडली असेल ती खालचा भरतो. त्यामुळे रेषा एका रंगाची आणि आतला भराव दुसऱ्याच रंगाचा, असा प्रकार दिसतो आणि विद्यार्थी सॉफ्टवेअरला दोष देतात. त्यापेक्षा ‘इक्वल्स’ वापरावे. २०१९ च्या आवृत्तीपासून एकाच फिल्टरमध्ये ‘किंवा’ची अट घालता येते, त्यामुळे दोन-तीन टाइप एका रंगात हवे असले तरी ‘कंटेन्स’ची गरज उरत नाही.

श्रेणी निवडतानाही विचार हवा. डक्ट, फिटिंग, ॲक्सेसरी, फ्लेक्स डक्ट, एअर टर्मिनल हे घ्यायचेच. इन्सुलेशन विसरले तर त्रिमितीत रंगीत डक्टवर त्याचे वेगळेच आवरण दिसते. मेकॅनिकल इक्विपमेंट मात्र यात आणू नये. एएचयूला सप्लाय, रिटर्न, थंड पाणी, वीज अशी अनेक जोडणी असते आणि त्याच्या क्लासिफिकेशनमध्ये ही सगळी नावे स्वल्पविराम देऊन येतात. ‘कंटेन्स’चा नियम असला तर सबंध यंत्र निळे होते, ‘इक्वल्स’चा असला तर कशातच बसत नाही.

आता माझा मुख्य आक्षेप. परीक्षक रंग बघून गुण देतात, आणि रंग बरोबर म्हणजे सिस्टिम बरोबर असे धरून चालतात. डक्ट काढताना आपण सप्लाय हा टाइप निवडला तर तो डक्ट निळा होतो, मग तो कुठल्या एएचयूला जोडलेला असो वा नसो. त्याचे टोक पंख्यापासून दहा मिलिमीटरवर उघडे पडलेले असले तरी निळाच. फिल्टर आपण दिलेले नाव वाचतो, हवा खरोखर तिथून जाते का हे त्याला कळत नाही. जोडणी पाहायची तर ॲनालाइझ टॅबवरचे शो डिसकनेक्ट्स आहे, एफ ९ दाबल्यावर उघडणारा सिस्टिम ब्राउझर आहे. याची उलटी बाजूही आहे. कित्येक कार्यालयांत रिटर्न हवा फॉल्स सीलिंगच्या वरच्या पोकळीतूनच परत येते, तिथे डक्टच नसतो. हवा खेळते, पण ड्रॉइंगवर रंग नाही. असा प्लॅन ‘रिटर्न दाखवला नाही’ म्हणून परत केला जातो, हे मी पाहिले आहे.

शिवाय हा रंग फार लांबचा प्रवास करत नाही. मॉडेल नेव्हिसवर्क्समध्ये नेले की फिल्टरचे रंग मागे राहतात, तिथे मटेरियलचा रंग दिसतो. समन्वयाचे काम तर बहुधा तिथेच चालते. म्हणून सिस्टिम टाइपला मटेरियलही द्यावे, किंवा नेव्हिसवर्क्समध्ये रंगांचे नियम पुन्हा बांधावेत. साइटवर परिस्थिती आणखी वेगळी: फोरमनच्या हातात कृष्णधवल झेरॉक्स असते, त्यात निळा आणि हिरवा दोन्ही सारखेच करडे. लाल-हिरवा फरक नीट न दिसणारे लोक, विशेषतः पुरुष, प्रत्येक मोठ्या कार्यालयात सापडतात. रंगाच्या जोडीला रेषेचा प्रकार बदलणे आणि डक्टवर संक्षिप्त रूपाचा टॅग लावणे ही सजावट नाही, गरज आहे. फिल्टरमध्ये रेषेचा प्रकार बदलण्याची सोय त्याच ओळीत, रंगाच्या शेजारीच असते.

हे सगळे शिकवायला वेळ कुठे आहे, असे सहकारी म्हणतील. माझे उत्तर असे की रंगकामाचा तास तेवढाच ठेवा आणि त्यात तपासणीचे फिल्टर करून घ्या. ज्यांचा सिस्टिम टाइप अनडिफाइन्ड आहे असे सगळे घटक भडक किरमिजी करणारा एक फिल्टर. वेग समजा ८ मीटर प्रति सेकंदांच्या वर गेला की डक्ट लाल करणारा दुसरा. त्यासाठी सिस्टिम टाइपमध्ये गणना चालू असावी लागते, म्हणजे विद्यार्थी तो गुणधर्मही उघडून बघतो. कुणी घर्षणाच्या आकड्यावर तिसरा फिल्टर केला, तर त्याला मेकॅनिकल सेटिंग्जमधली हवेची घनता पाहायला लावा. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर आहे, इथली हवा समुद्रकाठच्या हवेपेक्षा जवळपास एक दशांशाने विरळ असते, आणि ती सेटिंग कोणी बदललेली नसते. २०२१ च्या आवृत्तीपासून फिल्टर न काढता फक्त बंद ठेवता येतो. म्हणजे तपासणीचे फिल्टर टेम्प्लेटमध्ये कायम राहू शकतात, प्रिंट काढताना तेवढे बंद करायचे.

सरावासाठी मी देतो ते काम असे: एकाच मजल्याचे मॉडेल, त्यात सहा चुका मुद्दाम पेरलेल्या. एक उघडे टोक, एक हाताने रंगवलेला डक्ट, केईए आणि टीईए यांचा एक जोड, एक अनडिफाइन्ड टी, अति वेगाची एक शाखा आणि सप्लाय म्हणून काढलेला ताज्या हवेचा एक डक्ट. विद्यार्थ्यांनी कोणत्या चुका फिल्टरने सापडल्या आणि कोणत्या सापडू शकत नाहीत, हे लिहून द्यायचे. उघड्या टोकाच्या रकान्यात ‘फिल्टरने सापडत नाही’ असे लिहिणाऱ्याला मी पूर्ण गुण देतो, मग त्याच्या प्लॅनवर एकही रंग नसला तरी चालेल.