विचारणाऱ्याचा आवाज : टेक्सास जर्मनच्या संग्रहाविषयी

टेक्सासमधल्या काही आजी-आजोबांच्या जर्मनमध्ये विमानाला ‘लुफ्टशिफ’ म्हणतात. शब्दशः हवेतलं जहाज. जर्मनीत विमानासाठी ‘फ्लुगत्सॉइग’ हा शब्द आहे आणि ‘लुफ्टशिफ’ म्हटलं की तिथे झेपेलिनसारखी फुगीर हवाई जहाजं आठवतात. या आजी-आजोबांचे पूर्वज अमेरिकेत आले तेव्हा विमानच नव्हतं, त्यामुळे ते उडायला लागल्यावर त्याला काय म्हणायचं हे इथल्यांनी आपलं आपण ठरवलं. स्कंक या प्राण्याचंही तसंच. पाठ्यपुस्तकातल्या जर्मनमध्ये तो ‘श्टिंकटीअर’, म्हणजे घाण वासाचा प्राणी. टेक्सासमध्ये ‘श्टिंककात्से’, म्हणजे घाण वासाची मांजर.

टेक्सास जर्मनवरची कुठलीही बातमी उघडा, हे दोन शब्द हमखास भेटतात. शब्द गोड आहेत, शेअर करायला सोपे आहेत. पण या बोलीचा जो मोठा ध्वनिसंग्रह उभा राहिला आहे, तो अशा गमतीदार शब्दांची पेटी म्हणून ऐकणं म्हणजे कादंबरीतून फक्त म्हणी वेचून काढण्यासारखं आहे. हा संग्रह सलग ऐकायची, वाचायची गोष्ट आहे. आणि तसं ऐकायला लागलं की लक्षात येतं, यात आवाज एक नाही, दोन आहेत. दुसरा आवाज प्रश्न विचारणाऱ्याचा. अनेकदा तो एखाद्या विद्यार्थ्याचा असतो.

आधी थोडा इतिहास. १८४०च्या दशकात जर्मन सरदारांच्या एका मंडळाने टेक्सासमध्ये वसाहत करायचं ठरवलं. १८४५मध्ये न्यू ब्राउनफेल्स वसलं, १८४६मध्ये फ्रेडरिक्सबर्ग. येणारे लोक एका प्रांतातले नव्हते. नासाऊ, हेसे, हॅनोव्हर, ज्याची त्याची बोली वेगळी. चर्च, शाळा, वर्तमानपत्र मात्र प्रमाण जर्मनमध्ये. न्यू ब्राउनफेल्सचं जर्मन वर्तमानपत्र १८५२मध्ये सुरू झालं, त्याचे पहिले संपादक फर्डिनांड लिंडहायमर हे वनस्पतिशास्त्रज्ञ होते. पुढे पहिलं महायुद्ध आलं, जर्मन बोलणं संशयास्पद ठरलं आणि १९१८मध्ये कायद्याने टेक्सासच्या शाळांमधलं शिक्षण इंग्रजीत आणलं. दुसऱ्या महायुद्धानंतर आईवडिलांनी मुलांशी जर्मन बोलणं जवळपास सोडलं. १९४०च्या सुमारास या बोलीचे सुमारे १ लाख ५९ हजार भाषक होते असा अंदाज आहे. हान्स बोआस यांच्या २००९च्या ‘द लाइफ अँड डेथ ऑफ टेक्सास जर्मन’ या पुस्तकात हा आकडा आठ ते दहा हजारांवर आलेला दिसतो. त्यातले बहुतेक म्हातारे.

बोआस मूळचे जर्मनीचे. ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात आल्यावर २००१मध्ये त्यांनी ‘टेक्सास जर्मन डायलेक्ट प्रोजेक्ट’ सुरू केला. शेकडो माणसांच्या मुलाखती रेकॉर्ड झाल्या. हे काम एकट्या प्राध्यापकाचं नव्हतं. मुलाखत घेणं, रेकॉर्डिंग कापून तुकडे करणं, ‘एलान’ नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये ऐकून ऐकून टाइप करणं, इंग्रजी भाषांतर करणं, फाइल जागेवर ठेवणं, हे सगळं करायला हात लागतात, आणि विद्यापीठात असे हात विद्यार्थ्यांचे असतात. एका मिनिटाचं बोलणं उतरवायला कितीतरी पट वेळ जातो. बोली अनोळखी आणि बोलणारा ऐंशीचा असेल तर विचारायलाच नको.

या विद्यार्थ्यांची अडचण मोठी मजेदार आणि मोठी अवघड आहे. त्यांचं जर्मन वर्गात शिकलेलं. ‘मिट’ म्हणजे ‘सोबत’ या शब्दानंतर डेटिव्ह विभक्ती, आपल्या चतुर्थीची चुलत बहीण, यायलाच हवी हे त्यांनी घोकलेलं असतं. चुकलं की गुण कापले जातात. आणि समोर बसलेली आजी जन्मापासून जर्मन बोलतेय, पण ‘मिट डेम’च्या जागी बिनधास्त ‘मिट डेन’ म्हणतेय. टेक्सास जर्मनमधली डेटिव्ह झिजत गेली आहे, हे या बोलीच्या अभ्यासातलं एक महत्त्वाचं निरीक्षण आहे. म्हणजे परीक्षेत नापास झाला असता असा माणूस इथे मूळ भाषक आहे आणि पास झालेला विद्यार्थी परका. कोणी कोणाकडून शिकायचं?

गुंता एवढाच असता तर सोपा होता. आजीलाही ही परीक्षा माहीत आहे. चर्चमधलं, वर्तमानपत्रातलं जर्मन तिने पाहिलेलं आहे. आपलं जर्मन ‘बरोबर’ नाही अशी समजूत या बोलीच्या भाषकांमध्ये सरसकट आढळते. अशा माणसासमोर विद्यापीठातून आलेला, व्याकरणशुद्ध जर्मन बोलणारा मुलगा बसला की ती काय करेल? एक तर सावरून, जरा पुस्तकी बोलेल. नाहीतर सरळ इंग्रजीत जाईल, कारण दोघांची सोयीची भाषा तीच. विल्यम लबॉव्ह या भाषाशास्त्रज्ञाने हा पेच फार पूर्वी मांडून ठेवला आहे: कोणी पाहत नसताना माणूस कसा बोलतो हे आपल्याला हवं असतं, आणि ते पाहिल्याशिवाय मिळत नाही. पण लबॉव्हच्या मांडणीत पाहणारा कोणीही असू शकतो. इथे पाहणाऱ्याच्या तोंडात नेमकी तीच भाषा आहे, जिच्यापुढे समोरच्याला आयुष्यभर कमीपणा वाटत आला.

हे संग्रहात कुठे ऐकू येतं? मुलाखतींच्या दोन प्रकारांमधल्या फरकात. पहिला प्रकार शब्दांच्या आणि वाक्यांच्या याद्यांचा. विद्यार्थी इंग्रजीत वाचतो, समोरच्याने जर्मनमध्ये सांगायचं. या याद्या नव्या नाहीत. फ्रेड आयकेल आणि ग्लेन गिल्बर्ट या आधीच्या संशोधकांच्या कामातून त्या घेतल्या आहेत. गिल्बर्ट यांचा टेक्सास जर्मनचा भाषिक नकाशासंग्रह १९७२चा. तीच वाक्यं पुन्हा विचारली की मधल्या काळात बोलीत काय बदललं हे ताडता येतं. शास्त्र म्हणून हुशारीचं काम आहे. दुसरा प्रकार मोकळ्या गप्पांचा: शाळा, शेत, लग्न, ख्रिसमस, युद्धाचे दिवस.

यादीच्या रेकॉर्डिंगमध्ये म्हातारा माणूस उमेदवार होतो. प्रश्न, उत्तर, पुढचा प्रश्न. शब्द आठवत नसेल तर तो अडखळतो, आणि त्या अडखळण्याला यादीत रकाना नाही. गप्पांमध्ये पारडं फिरतं. कापूस कसा वेचायचा, डुक्कर कापायच्या दिवशी घरात काय चालायचं हे विद्यार्थ्याला ठाऊक नसतं, तेव्हा माहीतगार कोण आणि शिकाऊ कोण हे वेगळं सांगावं लागत नाही. वाक्यं लांबतात. इंग्रजी शब्द येतात आणि त्यांना जर्मन लिंग चिकटतं: कुंपण म्हणजे ‘डी फेन्स’, इंग्रजीतून घेतलेलं आणि आता स्त्रीलिंगी झालेलं. माझ्या मते या संग्रहातला अस्सल ऐवज इथे आहे. संशोधनाच्या दृष्टीने याद्या जास्त उपयोगी आहेत हे मान्य करूनही.

उतरवून घेण्याच्या कामात तर विद्यार्थ्याचा कान हाच लेखक असतो. एक उदाहरण पुरे. प्रमाण जर्मनमध्ये ‘सुंदर’ या अर्थाच्या शब्दातला स्वर ओठांचा चंबू करून ‘ए’ म्हणावा तसा असतो. टेक्सासमध्ये चंबू बऱ्याचदा सुटतो आणि साधं ‘शेन’ ऐकू येतं. ‘हिरवा’ या शब्दातही तेच: चंबू करून म्हटलेला ‘ई’ सैल पडतो आणि शब्द होतो ‘ग्रीन’. आता हेडफोन लावून बसलेल्या विद्यार्थ्याने काय टाइप करायचं? आजी जर्मन बोलली की मधेच इंग्रजी? फरक उरतो तो ‘र’च्या उच्चारात आणि आजूबाजूच्या शब्दांत. प्रमाण स्पेलिंग लिहिलं तर बोली झाकली जाते. कानाला आलं तसं लिहिलं तर वाचणाऱ्याला ते चुकीचं जर्मन दिसतं. दोन्हीकडे काहीतरी सांडतं. वाचक म्हणून आपण लेखी उतारा पाहतो तेव्हा एका विशीतल्या मुलाने किंवा मुलीने कुठल्या तरी दुपारी घेतलेला निर्णय वाचत असतो.

माझ्या पेशात याला डेटा साफ करणं म्हणतात. आवाजावर चालणारी सिस्टिम शिकवायची असेल तर हवा तो माणूस ठेवायचा, दुसऱ्याचा आवाज, खोकला, शांतता कापून टाकायची. मॉडेलसाठी ते योग्यच आहे. या प्रकल्पातही मुलाखतींचे विषयवार छोटे तुकडे होतात, बोलणाऱ्याचं नाव जाऊन तिथे क्रमांक येतो. नाव लपवणं आवश्यक आहे, त्यावर वाद नाही. शोधायला तुकडे सोयीचे, हेही खरं. पण तुकडा विषयापासून सुरू होतो, आणि माणूस त्या विषयापर्यंत कसा पोचला हे तुकड्याच्या बाहेर राहतं. विद्यार्थ्याने कुठला शब्द वापरला, कुठे गप्प बसला, कुठे ‘हं’ म्हटलं आणि त्या ‘हं’मुळे पुढची गोष्ट निघाली, हे सगळं कचरा नाही.

जर्मन बोलीभाषांच्या अभ्यासाला हे जुनंच ठाऊक आहे. १८७६पासून गेऑर्ग व्हेंकर यांनी जर्मनीतल्या शाळामास्तरांना ठरावीक वाक्यं पाठवली: तुमच्या गावच्या बोलीत ती लिहून परत करा. पुढे चाळीस हजारांहून जास्त गावांतून फॉर्म आले. ध्वनिमुद्रण नव्हतं, होतं ते मास्तरांचं स्पेलिंग. नंतरच्या फॉर्मवर मास्तरांचं स्वतःचं जन्मगावही विचारलेलं असे. कारण उघड आहे. बाहेरून बदली होऊन आलेल्या मास्तराचा कान वेगळा. (आपल्याकडे ग्रिअर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाचा मराठीचा खंड १९०५मध्ये निघाला. त्यातले नमुनेही सरकारी अधिकाऱ्यांच्या यंत्रणेतून गोळा झालेले. ते वाचताना हा मधला माणूस आपण सहसा विसरतो.) कागदाच्या काळात मध्यस्थाचं गाव विचारायचं सुचलं होतं. ध्वनिमुद्रण आल्यावर मात्र आपल्याला वाटायला लागलं की मधे कोणी नाहीच, माणूस थेट माइकशी बोलला.

बोआस यांच्या पुस्तकाविषयीही माझं म्हणणं एवढंच आहे. पुस्तक भक्कम आहे. वेगवेगळ्या बोलींचे लोक एकत्र आले की काही पिढ्यांत एकसारखी नवी बोली तयार होते, असा एक सिद्धान्त आहे. टेक्सासमध्ये तसं पूर्ण घडलंच नाही, एकाच गावातले लोकही वेगवेगळं बोलत राहिले, हे पुस्तक पुराव्यानिशी दाखवतं. एकजीव व्हायच्या आधीच बोली ओसरायला लागली. ही मांडणी वाचताना वाईट वाटतं आणि पटतंही. पण तीन काळांची तुलना करताना प्रत्येक वेळी बदलले ते फक्त बोलणारे नाहीत, विचारणारेही. साठच्या दशकात दारात आलेला संशोधक आणि २००३मध्ये आलेला विद्यार्थी यांच्यासमोर एकच माणूस एकच वाक्य सारखं म्हणेल का? डेटिव्ह किती उरली याचा हिशेब करताना, ऐकणाऱ्याच्या तोंडी डेटिव्ह किती होती हे माहीत असायला हवं. पुस्तकाच्या नावातलं जगणं आणि मरणं बोलणाऱ्यांच्या बाजूने मोजलेलं आहे. ऐकणाऱ्यांवर स्वतंत्र प्रकरण असतं तर ते मी सगळ्यात आधी वाचलं असतं.

आणि ऐकणारे इथे किरकोळ नाहीत. या भाषकांची मुलं बहुतेक इंग्रजीत वाढली, नातवंडं तर पूर्णच. जोडीदार गेला, शेजारी गेले की घरात जर्मन बोलायला कोणी उरत नाही. अशा घरात दोन तास ही भाषा ऐकायला आलेला तरुण माणूस कदाचित वर्षांतून आलेला एकटाच असेल. त्याच्या जर्मनला परका वास आहे, तो चुकीच्या ठिकाणी हसतो, ‘श्टिंककात्से’ त्याला पुन्हा विचारावं लागतं. पण आजी त्याच्याशी बोलते आहे, माइकशी नाही. क्लिप उघडल्यावर भाषांतराच्या ओळींकडे नजर नेण्याआधी तिचा सूर ऐका. कुणाला तरी समजावून सांगतानाचा सूर असतो तो.

ही बोली या शतकाच्या मध्यापर्यंत संपेल असा अंदाज आहे. २००३मध्ये विशीत असलेली मुलं तेव्हा सत्तरीला टेकलेली असतील, ज्यांच्या मुलाखती त्यांनी घेतल्या त्यांच्या वयाची. समोरासमोर बसून ही बोली ऐकलेले लोक म्हणून तेव्हा तेच उरतील. त्यांच्या मुलाखती घ्यायला मात्र तोवर थांबायचं कारण नाही. प्रश्न साधे आहेत. तुमचं जर्मन कुठलं होतं? तुम्ही कुठला शब्द वापरल्यावर त्या इंग्रजीत गेल्या? कुठला तुकडा कापताना हात अडखळला? रेकॉर्डर बंद केल्यावर, तुम्ही सामान आवरत असताना, त्या कुठल्या भाषेत बोलत होत्या?