कामाला कोणी लावले? : सातारा-सांगलीच्या साहित्यातील स्थलांतराचे एक वाचन

१

‘नोकरी मिळाली’ हे पुस्तकातले मराठी झाले. आमच्या सातारा-सांगलीकडे माणूस नोकरीला ‘लागतो’, कामाला ‘चिकटतो’, आणि बहुतेक वेळा त्याला कुणीतरी ‘लावलेला’ असतो. माझ्या लहानपणी खटाव तालुक्यातल्या आमच्या गावी मुंबईहून कुणी एसटीतून उतरले, की पारावरच्या म्हाताऱ्यांचे दोन प्रश्न ठरलेले असत. ‘पोरगं लागलं का?’ आणि त्याच्या पाठोपाठ, ‘कुणी लावलं?’ दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर त्या घराची पत ठरायची.

माझ्या आजोबांना परळच्या एका गिरणीत शेजारच्या गावच्या जॉबरने लावले. वडिलांना आजोबांनी लावले. आधी बदली कामगार म्हणून, मग कायम. मला वडील लावणार हे घरात न बोलता ठरलेले होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. वर्षभराने आम्ही बोचकी बांधून गावी परतलो. मुंबईच्या शाळेचा दाखला बरोबर नव्हता, म्हणून गावाकडच्या शाळेने मला सहा महिने हजेरीपटाबाहेर बसवले. वर्गात मी होतो, पटावर नव्हतो.

पुढे माझे शिक्षण बारावीपर्यंतच झाले. वाचन झाले ते तालुक्याच्या वाचनालयात, जे हाताला लागेल ते. त्यात आमच्याच मातीतले लेखक भेटले आणि त्यांच्यावरची समीक्षाही वाचली. स्थलांतराच्या साहित्याविषयी आपली समीक्षा सहसा एकच विचारते : गाव सोडताना माणसाचे काय हरवले? नाती, बोली, जमीन, मुळे. हा प्रश्न खोटा नाही. पण तो गावात राहिलेल्याचा, किंवा पोट भरल्यानंतरचा प्रश्न आहे. गाव सोडणाऱ्याच्या डोळ्यांपुढे वेगळाच प्रश्न असतो : तिथे मला कामाला कोण लावील, आणि माझ्या पोराला कोण? या लेखात मी काही परिचित कलाकृती पारावरच्या त्या दुसऱ्या प्रश्नाने वाचून पाहणार आहे.

एक भौगोलिक खुलासा आधी करतो. आजचा सांगली जिल्हा वेगळा असला तरी त्याचा वाळवा, तासगाव, खानापूरचा मुलूख १९४९पर्यंत सातारा जिल्ह्यातच होता. त्यानंतर तो ‘दक्षिण सातारा’ झाला आणि पुढे सांगली. आटपाडी, माडगूळ हा भाग औंध संस्थानात होता. म्हणून या लेखकांना मी एकाच प्रदेशाचे मानतो.

२

अण्णा भाऊ साठे वाटेगावचे, वाळवा तालुक्यातले. जन्म १ ऑगस्ट १९२०. लहानपणी घरच्यांबरोबर पायी चालत ते मुंबईला गेले. त्यांच्या ‘स्मशानातलं सोनं’ या कथेतला भीमाही वारणाकाठचा, देहाने दांडगा. मुंबईत त्याला काम मिळत नाही. अखेर उपनगरातल्या दगडाच्या खाणीत तो लागतो आणि काही महिन्यांत खाण बंद पडते. मग तो प्रेतांच्या राखेतले सोने शोधू लागतो. एका रात्री प्रेताच्या जबड्यात त्याची बोटे अडकतात आणि ती गमवावी लागतात. त्यानंतर बातमी येते की खाण पुन्हा सुरू होत आहे. डोंगर फोडणारा भीमा पोरासारखा रडतो.

या कथेवर बोलताना स्मशानाचे भयानक वर्णन आणि शेवटचा दैवदुर्विलास यांचाच उल्लेख होतो. मला कथेचा कणा तिच्या सुरुवातीच्या भागात दिसतो. खाण सुरू होते तेव्हा भीमाला कुणी विचारलेले नसते आणि बंद होते तेव्हा कुणी सांगितलेले नसते. त्याला लावणारा कुणी नाही. ना जॉबर, ना गाववाला, ना सोयरा. भीमाजवळ फक्त ताकद आहे. अण्णा भाऊंचे गावातले नायकही असेच बलदंड आहेत. ‘फकिरा’ (१९५९) मधल्या फकिराच्या ताकदीला गावात अर्थ आहे, कारण ती कुणासाठी तरी वापरली जाते आणि तिला नाव मिळते. मुंबईत तीच ताकद फक्त विकता येते, आणि तीही कुणी घेणारा असेल तेव्हाच. म्हणून शेवटी भीमा बोटे गमावतो तेव्हा त्याच्याजवळचे एकमेव भांडवल जाते. दैवाचा हात त्यात नाही. काम सुरू आणि बंद होण्यावर त्याचा काडीचा अधिकार नव्हता, ही खरी गोष्ट आहे.

कथेत एक उणीव राहते तीही नोंदवली पाहिजे. भीमा हे सगळे ज्या घरासाठी करतो त्या घरातली मुलगी कथेत कारण म्हणून येते, माणूस म्हणून नाही. बाप लुळा झाल्यावर ती काय करणार? कोण तिला शाळेत घालणार, की कुणाच्या घरी भांड्याला लावणार? कथा तिथे थांबते. आपल्या स्थलांतराच्या बऱ्याच साहित्यात मुले अशीच उंबऱ्यात उभी राहतात.

३

मूल उंबऱ्यातून आत आले ते आत्मकथनात. आटपाडीच्या शंकरराव खरात यांचे ‘तराळ-अंतराळ’ १९८१चे. त्यातला विहिरीतल्या प्रेताचा प्रसंग पुष्कळांनी वाचला असेल. प्रेत राखायचे, सरकारी अंमलदार आले की विहिरीत उतरायचे, हे काम गावकीने वडिलांवर टाकलेले आहे आणि मुलगा ते पाहतो आहे. इथे माझा प्रश्न पहिल्यांदा उलटा होतो. या बापाला कामाला कोणी लावले? जन्माने लावले. ते सोडण्याची मुभा नाही. तराळकी वारसाने येते आणि पोराकडेही वारसानेच जाणार असते. खरातांचा पुढचा सगळा प्रवास, म्हणजे वकिली, मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरुपद, १९८४च्या जळगाव साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद, हा बापाच्या जागी न लागण्याचा प्रवास आहे.

हे वाचून मी बराच काळ अस्वस्थ होतो. आमच्या घरात ‘वडलांच्या जागी लागणे’ हे स्वप्न होते. आटपाडीच्या त्या घरात तोच शाप होता. दोन्ही घरांतली भाषा एक, शब्द तेच, आणि अर्थ मात्र जातीने फिरवलेला. कनिष्ठ गावकामगारांची वतने १९५८च्या कायद्याने गेली. आमच्याकडे मात्र गिरणीतली जागा वतनासारखी जपली जात होती.

ती जागाही सगळ्यांना सारखी नव्हती. गिरणीच्या विणकाम खात्यात धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे. त्यामुळे विटाळाचे कारण सांगून अस्पृश्य कामगारांना त्या चांगल्या पगाराच्या खात्यात घेत नसत. १९२८च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला होता. माझे आजोबा विणकामात होते. त्यांना लावणाऱ्या जॉबरने एकाला आत घेताना दुसऱ्या कुणाला बाहेर ठेवले होते, हे मला घरात कुणी सांगितले नाही. ते मला पुस्तकांनी सांगितले.

वारसाने आलेले काम तुटले की काय होते, याचे मराठीतले सर्वांत थेट चित्रण जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ (१९९७) नाटकात आहे. धुरी हे आडनाव कोकणातले, घाटावरचे नव्हे. पण चाळीतली ती खोली आमच्याही ओळखीची आहे. बाप गिरणीतला. मुलांपैकी एकाला लेखक व्हायचे आहे, एक क्रिकेटच्या नादात आहे, एक टोळीत गेला आहे. प्रेक्षकांना टोळीतला मुलगा लक्षात राहतो. माझ्या प्रश्नाने पाहिले तर ही मुले एकाच रांगेत उभी दिसतात. त्यांना लावणारी साखळीच तुटली आहे. बापाची ओळख गिरणीच्या दारापर्यंतची होती आणि ते दार बंद झाले. टोळीच तेवढी अजून माणसे लावते आहे. नाटक यावर भाषण देत नाही, ते घरातल्या भांडणांतून दाखवते. म्हणून ते टिकले.

इथे एक आक्षेप मला ऐकू येतो. ही कामगार खात्याची चौकशी झाली, साहित्याची समीक्षा नव्हे. मला तसे वाटत नाही. भीमाच्या रडण्यात आणि ‘अधांतर’मधल्या चिडचिडीत जो ताण आहे, तो काम आणि माणूस यांच्यामधल्या गाळलेल्या जागेतून येतो. ती जागा वाचली नाही, तर उरते ती करुणा. आणि नुसती करुणा वाचकाला फार स्वस्तात सोडून देते.

लावणारा माणूस काढून तिथे कायदा ठेवण्याचा एक मोठा प्रयत्न आमच्याच माणसांनी केला. पाटण तालुक्यातल्या मंद्रुळ कोळे गावचे अण्णासाहेब पाटील यांनी मुंबईच्या गोद्या आणि बाजारांतल्या ओझेवाल्यांची संघटना बांधली आणि १९६९ साली माथाडी कायदा आला. मालक आणि कामगार दोघांची मंडळाकडे नोंद, मजुरी मंडळामार्फत, भविष्यनिर्वाह निधी. साताऱ्याच्या डोंगरातल्या किती घरांत यामुळे पहिल्यांदा पगाराची तारीख कळली! तरी माझ्या वाचनात माथाडी माणूस मध्यवर्ती असलेली कादंबरी आलेली नाही. विटा, खानापूर, आटपाडीकडून केरळ-तमिळनाडूपासून पंजाबपर्यंत सोने-चांदी गाळायला गेलेल्या गलाई बांधवांचेही तेच. काका-मामाने पोरगे दुकानावर न्यायचे, काम शिकवायचे, मग त्याने आपले दुकान घालायचे, ही तिथली रीत. त्यांची मुले मल्याळम, तमिळ शाळांत वाढली. हरवल्याची गोष्ट आपण हौसेने लिहितो. लागल्याची, बस्तान बसल्याची गोष्ट आपल्याला साहित्याची वाटत नाही, असा याचा अर्थ मी घेतो.

४

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) मी मुद्दाम शेवटी ठेवली आहे. औंध संस्थानातला तरुण मास्तर धनगरांच्या वाडीवर येतो. मेंढरांमागे जाणारी मुले हळूहळू शाळेत येतात, तालीम उभी राहते, मास्तर वाडीचा लिहिणारा-वाचणारा होतो. मग दुष्काळ पडतो, माणसे मेंढरांसह जगायला निघून जातात, आणि ओसाड वाडीवरून मास्तरचीही बदली होते.

निसर्ग आणि नियती यांच्या अंगाने या शेवटाविषयी खूप लिहिले गेले आहे. मला त्यात एक साधी गोष्ट दिसते. साऱ्या वाडीत नोकरीला लागलेला माणूस एकच, तो मास्तर. वाडीच्या मुलांना तशी संधी देणारी जागाही एकच, ती शाळा. आणि शाळा जागेला बांधलेली आहे, जगणे मात्र चालते आहे. वाडी उठते तेव्हा शाळा तिच्यामागे जात नाही. मास्तरला बदलीचा हुकूम येतो, म्हणजे त्याची नोकरी त्याच्याबरोबर जाते. मुलांची शाळा मात्र जात नाही. माडगूळकर यावर एक शब्दही वाढवत नाहीत. निवेदक मास्तर असल्यामुळे कादंबरी त्याच्याबरोबर परत फिरते. मुलांच्या मागे जात नाही. तो तिचा संयम आहे, आणि तिची मर्यादाही.

गेली वीस वर्षे मी वाळवा तालुक्यात राहतो. दर दिवाळीनंतर आमच्या रस्त्याकडेला पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात. बीडची, अहिल्यानगरची माणसे असतात, तशी आमच्याच जिल्ह्याच्या जत तालुक्यातलीही. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. त्यांना लावणारा मुकादम. त्याने दिलेली उचल फिटेपर्यंत सुटका नाही. मुलांसाठी साखरशाळा निघाल्या, मूल गावीच राहावे म्हणून हंगामी वसतिगृहे निघाली. दोन्ही बनगरवाडीतल्या त्याच प्रश्नाची उत्तरे आहेत : शाळा मुलामागे न्यायची, की मुलाला शाळेपाशी थांबवायचे? सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क देणारा २००९चा कायदा आहे. तरी फडाच्या बांधावर शाळेच्या वेळेत मुले असतात.

ज्या प्रदेशाने भीमाला मुंबईला पाठवले, तो आता दुसऱ्यांच्या भीमांना बोलावतो. आम्ही लावणाऱ्यांच्या बाजूला आलो. ‘स्मशानातलं सोनं’ वाचताना मी नेहमी भीमाशेजारी बसायचो. हल्ली ती कथा वाचताना खाण कुणाची होती, हा विचार येतो. इकडे येणाऱ्यांविषयी आमच्या बागायती पट्ट्यातून किती लिहिले गेले? ऊसतोडीच्या घरांतली मुले आता स्वतःच लिहू लागली आहेत, हे चांगले आहे. पण त्यांनी पाहिलेले आमचे गाव आम्ही वाचायला हवे, आणि ते वाचताना ‘किती दारुण’ एवढे म्हणून पुस्तक मिटता कामा नये.

मागच्या हंगामात एका संध्याकाळी कोप्यांपाशी थांबलो होतो. दहा-अकरा वर्षांची एक मुलगी कडेवर भाऊ घेऊन उभी होती. आईने तिच्या हातात उसाच्या खेपेची वजनपावती दिली. पोरीने टनाचा आकडा, तारीख, गाडीचा नंबर धडाधड वाचून दाखवला. आई म्हणाली, ‘दादा, पाचवीत हाय ती. पर ह्या लेकराला कोन सांभाळनार?’

मी विचारले, ‘दाखला आणलाय का बरोबर?’

‘त्यो कशाला लागतुया?’ ती म्हणाली.

मी तिला सांगितले की कायद्याने दाखल्यावाचून पोरीला वर्गात बसवता येते. दुसऱ्या दिवशी गावच्या शाळेत गेलो. गुरुजी चांगले होते, पोरीला त्यांनी बसवून घेतले, पटावर तिचे नाव घातले. आठवड्यातले तीन-चार दिवस ती यायची, भावाला घेऊनच. मार्चअखेर कोप्या उठल्या. पटावर तिचे नाव होते, वर्गात ती नव्हती.