कौशल्याच्या बाजारातला ग्राहक

गेल्या दहा-पंधरा वर्षांत आपल्या वस्त्यांच्या तोंडाशी एक नवी पाटी दिसू लागली आहे : कौशल्य विकास केंद्र. एका गल्लीत शिवणकाम, पलीकडे संगणकाची तोंडओळख, नाक्यावर सुरक्षारक्षकाचा वर्ग. या केंद्रांत चढाओढ आहे आणि चढाओढीने शिक्षणाचा दर्जा वाढतो, असे धोरणकर्ते आपल्याला सांगत आले आहेत. हे विधान तपासून पाहिले पाहिजे.

दुकानदार गिऱ्हाइकासाठी झुंजतात, कारण पैसा गिऱ्हाइकाच्या खिशात असतो आणि माल वाईट निघाला तर तो दुसरीकडे जातो. महाराष्ट्रात १९८३ नंतर विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालये निघाली, तेव्हा शिक्षणसम्राटांची नजर पालकाच्या खिशावर होती. ज्याचा खिसा रिकामा, तो दाराबाहेर. पण दाराच्या आत गेलेला पालक निदान जाब तरी विचारू शकत होता. कौशल्याच्या या नव्या बाजारात शिकणारा पैसे देत नाही, सरकार देते. मग गिऱ्हाईक सरकार ठरते, आणि आमची पोरे माल ठरतात.

हे बोलणे कठोर वाटेल. पण पैसे कसे दिले जात होते ते पाहा. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेच्या २०१६ ते २०२० या टप्प्यात केंद्रचालकाला ३० टक्के रक्कम तुकडी सुरू झाल्यावर, ५० टक्के उमेदवाराला प्रमाणपत्र मिळाल्यावर आणि उरलेली २० टक्के त्याला काम लागल्यावर मिळायची. म्हणजे पोरगा घरी बसला तरी शंभरातले ऐंशी रुपये वसूल. शेवटच्या वीस रुपयांसाठी कारखान्यांचे उंबरे झिजवण्यापेक्षा पुढची तुकडी भरणे परवडते, हा हिशेब करायला माणूस दुष्ट असावा लागत नाही. पहिल्या तीन आवृत्त्यांत अल्पमुदतीच्या प्रशिक्षणानंतर काम लागले की नाही याचा मागोवा तरी घेतला जाई. चौथ्या आवृत्तीत तोही सुटला. उमेदवाराला आपला मार्ग निवडण्यास समर्थ करायचे, असे कारण सरकारने दिले. स्वातंत्र्याचा शब्द किती सोयीचा असतो!

अशी स्पर्धा स्वस्ताईकडेच वळते. लेथ महाग, ती शिकवणारा निदेशक महाग, आणि आयटीआयमधला फिटरचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा. शिलाई मशीन स्वस्त पडते. रखवालदार घडवायला तेवढेही लागत नाही. याच योजनेत पूर्वीच्या शिक्षणाला मान्यता देण्याचाही एक भाग आहे : जो जे काम करतोच आहे, त्याची थोडी उजळणी घेऊन त्याला त्याच कामाचे प्रमाणपत्र द्यायचे. कष्टकऱ्याच्या हातातल्या ज्ञानाला ज्ञान म्हणावे, याला माझा विरोध नाही. ते फार पूर्वीच म्हणायला हवे होते. पण ज्या समाजात हातातले काम जातीने ठरवून दिले, तिथे त्या कामावर शिक्का मारून माणूस आहे तिथेच ठेवला तर त्याला विकास कसे म्हणायचे? २०२३ च्या विश्वकर्मा योजनेतले अठरा व्यवसाय पाहा. चांभार, न्हावी, परीट, कुंभार. गावगाड्याची यादीच समोर येते.

हा प्रश्न आजचा नाही. १९५३ साली मद्रास राज्यात राजगोपालाचारींनी ग्रामीण भागातल्या प्राथमिक शाळांचा वेळ कमी करून उरलेल्या वेळात मुलांनी घरचा धंदा शिकावा, अशी योजना आणली होती. पेरियार आणि द्रविड चळवळीने तिला कुळशिक्षण म्हणून झोडपले. १९५४ मध्ये राजाजी गेले, कामराज आले आणि योजना रद्द झाली. आपल्याकडे तसा संताप का उठत नाही? फुकट मिळते आहे, म्हणून?

बाबासाहेबांना कौशल्याचे वावडे नव्हते. १९४२ मध्ये व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या उच्च शिक्षणाच्या शिष्यवृत्त्या मागितल्या, परदेशातील शिक्षणासाठी तरतूद मागितली, आणि सरकारी छापखाने व रेल्वेचे कारखाने इथे उमेदवारीची सोय मागितली. या मागण्यांची जागा लक्षात घ्यावी. शिकायचे तिथे, जिथे काम प्रत्यक्ष चालू आहे. आणि शिकायचे ते, जे जातीने कधी आपल्या वाट्याला येऊ दिले नाही. केंद्रांच्या चढाओढीत या दोन्ही गोष्टींना भाव नाही, कारण दोन्ही महाग आहेत आणि दोन्हींना वेळ लागतो.

आपले काही कार्यकर्तेही या केंद्रांना तुकड्या भरून देतात. त्यांना शिव्या घालणे सोपे आहे; त्यांचीही चूल पेटायची असते. माझ्या शेजारच्या वस्तीतल्या एका तरुणाकडे तीन केंद्रांची तीन प्रमाणपत्रे आहेत, लॅमिनेशन केलेली. काम एकाही प्रमाणपत्रावर लागले नाही. आता तो चौथ्या केंद्रासाठी डोईमागे ठरलेल्या पैशांवर मुले गोळा करतो. परवा त्याने माझ्या धाकट्याचे आधारकार्ड मागितले.