विलंबित मूल्यनिर्धारण : ह्यूज यांच्या प्रतिपादनाची मर्यादा

जॉन ह्यूज यांच्या ‘व्हाय फंक्शनल प्रोग्रॅमिंग मॅटर्स’ (१९८९) या निबंधातील वर्गमुळाचे उदाहरण मार्मिक आहे. चलाचे मूल्य गरजेपूर्वी काढावयाचे नसल्याने, उत्तरोत्तर अचूक मूल्यांची अनंत यादी रचणारा भाग आणि ‘पुरे’ म्हणणारा भाग पृथक् लिहिता येतात. हे आम्हांस मान्य आहे. परंतु न काढलेले मूल्यही स्मृतीत जागा अडविते. हॅस्केलमध्ये ‘फोल्डएल’ने १० लाख संख्या मिळवू लागल्यास, कंपायलरने आपण होऊन सुधारणा न केल्यास, एकही बेरीज न होता अपूर्ण बेरजांची साखळी साचत जाते. हॅस्केल १.३ मध्ये (१९९६) मूल्य तत्काळ काढविणारे ‘सेक’ आले, ही त्या भाषेचीच कबुली होय. एमएलमध्ये बेरीज तेथल्या तेथे होते. अनंत यादी मात्र मुद्दाम फलनात गुंडाळावी लागते. हा जाच आम्ही पत्करू. तो निदान लिहिणाऱ्यास दिसतो.