आधुनिक नृत्य : उसन्या वेषाकडून देहाच्या भाषेकडे

आधुनिक नृत्याच्या इतिहासात रूथ सेंट डेनिस यांचे 'राधा' (१९०६) हे नृत्य एक महत्त्वाचा प्रारंभबिंदू ठरते. बॅलेच्या ठरीव चौकटीबाहेर स्त्रीदेहाला स्वतंत्र अभिव्यक्ती मिळवून देण्याचा प्रयत्न त्यात दिसतो. परंतु त्यासाठी निवडलेले नाव भारतीय, तर संगीत लिओ दलिब या फ्रेंच संगीतकाराच्या 'लाक्मे' या ऑपेरातील होते. सेंट डेनिस यांनी तोवर भारत पाहिलेला नव्हता. डेनिशॉन नृत्यसमूहासह त्या १९२६ मध्ये येथे आल्या. साहजिकच 'राधा'तील पौर्वात्यता अनुभवजन्य नसून कल्पित आहे.

मार्था ग्रॅहम याच डेनिशॉनमध्ये घडल्या आणि १९२३ मध्ये तेथून बाहेर पडल्या. त्यांच्या 'लॅमेंटेशन' (१९३०) या एकल नृत्यात कथा नाही, देशविशेष नाही. बाकावर बसलेली नर्तकी ताणल्या जाणाऱ्या, नळीसारख्या वस्त्रात वेढलेली आहे. देहाच्या हालचालींनी वस्त्रावर उमटणाऱ्या ताणरेषा हाच येथे शोकाचा आविष्कार होय. वेष देहाला सजवीत नाही. त्याची कोंडी दृश्यमान करतो.

तथापि, ग्रॅहम यांचे यश म्हणजे सेंट डेनिस यांचा संपूर्ण अव्हेर, हा निष्कर्ष एकांगी होईल. स्त्री ही केवळ नर्तकी नसून रचनाकारही असू शकते, हा विश्वास रुजविण्यात 'राधा'चा वाटा निश्चित आहे. मात्र तो विश्वास दुसऱ्या संस्कृतीच्या कल्पित प्रतिमेवर उभा होता, ही नोंद नृत्येतिहासाने टाळता कामा नये.