शुक्रवार ते रविवार, पावणेनऊ

गीतरामायणाच्या शब्दांवर आणि चालींवर उदंड लिहून झाले आहे. त्याच्या वेळापत्रकाकडे रसिकांचे सहसा लक्ष जात नाही. माझ्या मते तीही एक रचनाच आहे, आणि फार देखणी.

पुणे आकाशवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९५३ला सुरू झाले. पुढे दीड वर्षाने, १ एप्रिल १९५५ला, रामनवमीच्या शुक्रवारी सकाळी पावणेनऊला गीतरामायणाचे पहिले गीत लागले. कल्पना केंद्रावरच्या सीताकांत लाडांची, शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाल सुधीर फडक्यांची. ठरले ते असे: शुक्रवारी नवे गीत, आणि तेच शनिवारी व रविवारी त्याच वेळेला पुन्हा.

हे ‘पुन्हा’ नीट पाहावे. बाबूजींनी, म्हणजे फडक्यांनी, बहुतेक गीतांत सगळे अंतरे एकाच चालीत बांधले. कथा पुढे सरकते ती शब्दांतून. चित्रकूटावर राम भरताची समजूत घालतो, ते यमनकल्याणातले गीत घ्या. भरताचा शोक अनावर, आणि युक्तिवाद कडव्यागणिक खोल जाणारा, पण चाल आवाज चढवत नाही, दर वेळी त्याच शांतपणे ध्रुपदावर येऊन टेकते. रामाचा धीर त्या न बदलणाऱ्या चालीतच ऐकू येतो. एका ऐकण्यात हे हाती लागत नाही. शुक्रवारी कान गोष्टीमागे धावतो, शनिवारी स्वर दिसू लागतात, रविवारी ओठ आपसूक हलतात. तीन दिवसांच्या उजळणीने गीत घराघरांत मुरले. लोक रेडिओला हार घालत, हे सर्वश्रुत आहे. मला त्या हारामागची ही मशागत अधिक मोलाची वाटते.

पहिले गीत भूपात आहे. कुश-लव रामापुढे गात आहेत. मध्यम आणि निषाद वगळलेले पाचच स्वर, कोवळ्या मुलांना शोभतील असे सरळ. शास्त्राने भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा. पण पहाटेच्या भूपाळ्या ऐकत वाढलेल्या मराठी कानाला तो सकाळचाच. पावणेनऊच्या उन्हात तो कसा चपखल बसला असेल!

आता वेळापत्रकातला बदल, ज्यावर माझा विशेष जीव आहे. ठरले होते वर्षभराचे, म्हणजे ५२ गीते. पण त्या वर्षी भाद्रपद अधिक होता. आम्हा पेणकरांना याचा अर्थ सांगावा लागत नाही: अधिक भाद्रपद आला की गणपती महिनाभर पुढे जातात आणि मूर्तींच्या कारखान्यांना तेवढी सवड मिळते. रोह्यात धावीर महाराजांची पालखीही तशीच पुढे सरकते. जो महिना आमच्या तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातले सण लांबवत होता, त्यानेच पुढची रामनवमी १९ एप्रिल १९५६वर नेली. केंद्राने इंग्रजी तारखेला कार्यक्रम आटोपता घेतला नाही. पंचांगाचा मान राखला आणि गीते ५६ झाली. हिशेब करून पाहा: १ एप्रिल १९५५पासून १३ एप्रिल १९५६पर्यंत बरोबर ५५ शुक्रवार भरतात. छप्पन्नावे गीत रामनवमीचे, आणि त्या दिवशी गुरुवार! वर्षभर पाळलेला वार अखेरीस तिथीसाठी मोडला. इतका सुरेख नियमभंग मला रेडिओच्या इतिहासात दुसरा ठाऊक नाही.

शेवटची दोन गीतेही या क्रमात ऐकायची. पंचावन्नावे सीतेचे, रानात सोडून निघालेल्या लक्ष्मणाला उद्देशून. राग जोगिया, स्वर लता मंगेशकरांचा. जोगियातला कोमल ऋषभ इतका जपून लावला आहे, की आक्रोश कुठेच होत नाही, आणि म्हणूनच ते असह्य होते. त्यानंतरचे भैरवीतले गीत वाल्मीकींचे: ते कुश-लवांना रामायण गायला सांगतात. म्हणजे कथेच्या क्रमाने शेवटचे गीत पहिल्याच्या आधी घडते. भैरवीने मैफल संपवण्याचा रिवाज पाळला गेला, आणि तिथूनच भूपाचे दार उघडले. माडगूळकरांच्या योजकतेला इथे नुसता नमस्कार करावा.

आज सगळी गीते ध्वनिमुद्रणांत एका बैठकीत मिळतात. तरी पेण-रोह्याच्या वाचकांना माझी विनंती आहे: येत्या शुक्रवारी पावणेनऊला एकच गीत लावा, आणि शनिवारी, रविवारी दुसरे काही न लावता तेच ऐका.