फ्रेंच सामासिक नामे : लेखन आणि उच्चार

आपल्या समीक्षालेखांतून फ्रेंच सामासिक नामे येतात, तेव्हा ती डोळ्यांनी वाचून लिहिलेली आहेत, कानांनी ऐकून नव्हेत, हे तत्काळ ध्यानात येते. कलेतील नव्या आघाडीला कोणी 'अवांत-गार्द' म्हणतो, श्रेष्ठ कृतीला कोणी 'शेफ-द-ओव्हर'. यांतील दुसरा उच्चार आम्हीही वर्गात कित्येक वर्षे निःशंकपणे केला. म्हणून हा दोष दाखविताना आम्ही स्वतःला वगळीत नाही.

समासाची पदे लेखनात सुटी दिसतात, म्हणून ती सुटीच उच्चारावयाची, या समजुतीत दोषाचे मूळ आहे. फ्रेंचचा स्वभाव याच्या उलट. तेथे उच्चारातील अक्षर पदाच्या सीमेला जुमानीत नाही. इंद्रधनुष्याच्या नावातील पदे 'आर्क', 'आँ', 'स्येल'. समासाची अक्षरे मात्र 'आर्-काँ-स्येल'. पहिल्या पदाचा 'क्' पुढील स्वरास जाऊन मिळाला. अनेकवचनी त्या पदास 'स' लागतो, तो केवळ कागदावर. अधूनमधून उतरण्याच्या घराला 'प्ये-ता-तेर' म्हणतात. त्यातील 'प्ये' या पदाच्या अंती लिहिलेला 'द' एरवी मूक असतो. समासात तो 'त' होऊन प्रकट होतो. उलट 'शेफ' हे पद आपला 'फ' टाकते आणि 'शे-दव्र' अशी दोनच अक्षरे उरतात. 'आ-वाँ-गार्द' यातही मधला 'त' मूकच आहे.

मराठी वाचकास हे परके वाटू नये. 'सत्' आणि 'आचार' मिळून आपण 'सदाचार' म्हणतो. तेथे 'द्'चा 'त्' झाला, येथे 'त्'चा 'द्'. 'घोडा' समासात शिरताच आपला अंत्य स्वर टाकतो आणि 'घोडदौड' होते.

फ्रेंचमधील मूक स्वराचेही असेच. टाकाच्या दांडीला 'पोर्-त-प्ल्यूम' म्हणतात, पैशांच्या पाकिटाला बहुधा 'पोर्त्-मो-ने'. पहिले पद एकच. परंतु दुसरे पद एकाक्षरी असता मूक स्वर टिकतो, लांब असता गळतो, असा सामान्य कल आहे. दक्षिण फ्रान्समध्ये तो दोन्हीकडे ऐकू येतो. १९९० सालच्या लेखनसुधारणेने पाकिटाचे नाव जोडून लिहिण्याची मुभा दिली. उच्चार होता तोच राहिला. संयोगचिन्ह कागदाचे असते, श्वासाचे नव्हे.

हा प्रश्न केवळ शुद्धोच्चाराचा नाही. फ्रेंच कवितेचे अभिजात वृत्त बारा अक्षरांचे. त्यात ओळीच्या आत व्यंजनापूर्वी येणारा मूक स्वरही मोजला जातो. आपल्याही वृत्तांत, बोलताना गळणाऱ्या अकारास पूर्ण मान द्यावा लागतो. ज्याला समासाची अक्षरे मोजता येत नाहीत, त्याने त्या कवितेच्या लयीविषयी लिहिलेले ऐकीव म्हणण्याचीही सोय नाही. कारण ते त्याने ऐकलेलेच नसते.

म्हणून आमची सूचना एवढीच की, फ्रेंच समास देवनागरीत प्रथम येईल तेथे तो पदांनी न तोडता उच्चारातील अक्षरांनी तोडून दाखवावा. ज्या भाषेने आपल्या मुलांना संधिविग्रह शिकविला, तिला हे जड जाऊ नये.